साठ राखाडी खुर्च्या

“येतील,” असं दादा बोलून गेले आणि मग त्यांनी मागच्या भिंतीकडे पाहिलं.

भिंतीवर साठ खुंट्या होत्या. एकाही खुंटीवर खुर्ची नव्हती.

दारातला माणूस तोवर पायरी उतरला होता. लिफ्ट दुरुस्त करणारा होता तो. अंगावर कंपनीचा निळा शर्ट तसाच होता. पहाटे त्याच्या बहिणीचा नवरा गेला होता. हमरस्त्यापलीकडे चौदा मजली इमारती झाल्या आहेत, त्यातल्या तिसऱ्या इमारतीत ही मंडळी वर्षापूर्वी राहायला आली होती. कोपऱ्यावरच्या औषधवाल्याने त्याला सांगितलं होतं, खुर्च्या लागतील तर गल्लीतल्या गोदामात विचारा. भाडं किती, असं तो दोनदा विचारत होता. दादांनी दोन्ही वेळा नुसता हात हलवला, पत्ता लिहून घेतला आणि दहा-साडेदहापर्यंत पोचतील म्हणून सांगितलं.

आता नऊ वाजले होते.

दादांना आधी वाटलं, डोळ्यांचा दोष असेल. मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन तीन आठवडे झाले होते आणि धुळीत जायला डॉक्टरांनी आजच परवानगी दिली होती. त्यांनी चष्मा पुसून परत घातला. मग पुढे जाऊन एका खुंटीला हात लावला आणि सुनेला हाक मारली.

सून पुढच्या टेबलावर कॉम्प्युटर घेऊन बसली होती. मागच्या खुर्च्या कुठे आहेत म्हणून विचारल्यावर ती हसतमुखाने म्हणाली, “मैदानावर, बाबा. पहाटेच गाडी गेली. पूर्ण चारशे साठ.”

ती हसत होती, त्याला कारण होतं. नगरपालिकेचा वारसा सोहळा आज संध्याकाळी पाच वाजता होता. ज्याच्याकडे एकसारख्या निदान सव्वाचारशे खुर्च्या असतील त्यालाच काम, आणि ते नीट पार पडलं तर पालिकेच्या वर्षभराच्या सगळ्या कार्यक्रमांचं कंत्राट, अशी अट होती. गोदामाच्या वहीत खुर्च्या चारशेच होत्या. सुनेने एकेक खुर्ची हातात घेऊन मोजली, प्रत्येकीच्या बुडाला नंबराची चिकटपट्टी लावली, तेव्हा त्या चारशे साठ भरल्या. वहीत नसलेल्या साठ खुर्च्या तिने शोधून काढल्या, म्हणून त्या दिवशी घरात तिचं केवढं कौतुक झालं होतं. दादा तेव्हा डोळ्यावर पट्टी बांधून वरच्या खोलीत पडलेले. खालून हसण्याचा आवाज आला एवढंच त्यांना आठवत होतं.

त्या साठ खुर्च्या वहीत नव्हत्या, कारण त्या भाड्याच्या नव्हत्याच.

दादांच्या वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, शंभर खुर्च्यांवर धंदा सुरू केला तेव्हापासूनची ही पद्धत. कुणाच्या घरी माणूस गेलं की खुर्च्या जायच्या. भाडं घ्यायचं नाही, आणि परत मागायला जायचं नाही. घरच्यांचं काम झालं की ते आपणहून पाठवतात, एका दिवसाने किंवा चार दिवसांनी. लग्नाच्या खुर्च्या मरून रंगाच्या, या राखाडी. त्यांचं नावही घरात काढायचं नाही, अशी अण्णांची समजूत. नाव काढलं की काम निघतं. त्यामुळे या घरातली पोरं हे ऐकून नाही, बघून शिकली. एखाद्या सकाळी बाप उठवायचा, गाडीत खुर्च्या चढवायला लावायचा, आणि पोरगं काय ते समजायचं.

सून तीन वर्षांपूर्वी घरात आली, पण मागच्या वर्षापर्यंत एका मोठ्या कंपनीच्या गोदामात नोकरी करत होती. धंद्यात आली त्याला आठ महिने झाले होते आणि त्या आठ महिन्यांत गल्लीत कुणी गेलं नव्हतं. तिला दिसल्या त्या साठ धडधाकट खुर्च्या, भिंतीला टांगलेल्या, कुणाच्या उपयोगाच्या नाहीत. वापरात नसलेला माल मोजून बाहेर काढायचा, हेच तर तिचं शिक्षण.

दादांनी तिला हे सगळं सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदाच ते या खुर्च्यांबद्दल मोठ्याने बोलत होते, त्यामुळे वाक्यं तुटत होती. तिचं हसू मावळत गेलं.

“मला कुणी सांगितलंच नाही, बाबा,” ती म्हणाली.

“नाही सांगितलं,” दादांनी कबूल केलं.

*

आवाज ऐकून आत्या जिन्यावरून खाली आल्या. त्या दादांपेक्षा मोठ्या. चौतीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवून आता वरच्या मजल्यावर राहत होत्या. पाठोपाठ धाकटे काका आले. त्यांच्याकडे दिव्यांचं आणि पडद्यांचं काम. मैदानावर तारा ओढून ते चहाला परतले होते, पण या तिघांचे चेहरे बघून त्यांनी चहाचं नाव काढलं नाही.

काकांचं म्हणणं सरळ होतं. बारा वाजता पालिकेचा अधिकारी खुर्च्या मोजायला येणार. साठ कमी निघाल्या तर वर्षाचं कंत्राट गेलं. आणि ते गेलं तर गोदामात काय उरतं? नव्या मंगल कार्यालयांत खुर्च्या कार्यालयाच्याच असतात. गेल्या हंगामात लग्नांची कामं निम्म्यावर आली. मरून खुर्च्यांवर सुद्धा धूळ बसायला लागली आहे.

“आणि नियम गल्लीचा होता, दादा,” ते म्हणाले. “गल्लीत चाळीस घरं होती. पलीकडे चार हजार घरं आहेत. तिथे रोज कुणीतरी जाणार. रोज पाठवणार आहेस?”

“आज एकच माणूस आलाय,” दादा म्हणाले.

आत्यांनी भावाला झटकून टाकलं नाही. त्याचं अगदीच चूक नाही, असं त्या म्हणाल्या. अण्णांनी गल्ली असा शब्द कधी वापरला नव्हता, हे खरं. पण अण्णांच्या वेळी गल्लीच्या पुढे शेतंच होती, त्यामुळे वापरायची गरजच पडली नसेल. अण्णा असते तर काय म्हणाले असते, हे आपल्यापैकी कुणीच सांगू नये. काकांना बहिणीचा आधार मिळाल्यासारखं वाटून ते खुर्ची ओढून बसले.

मग आत्यांनी, वर्गातल्या मुलाला विचारावं तसं, शांतपणे विचारलं, “खुर्च्यांच्या पांढऱ्या खोळी तू शिवून घेतल्यास ना? किती?”

काकांनी खिशातून स्कूटरची किल्ली काढली आणि परत ठेवली.

“किती रे?”

“चारशे साठ.”

सुनेने काकांकडे पाहिलं. ती मोजदाद करत होती तेव्हा रोज संध्याकाळी काका येऊन उभे राहायचे, ‘काय मॅडम, सापडल्या का आणखी?’ म्हणून चेष्टा करायचे. बुडाला पट्ट्या लावायला त्यांनीच खुर्च्या उलट्या धरल्या होत्या. राखाडी सुद्धा.

“होय, माहीत होतं,” काका म्हणाले. “बोललो असतो तर दादा नाही म्हणाला असता. तो नाही म्हणाला की तो चांगला, आणि धंदा बसला की मी नालायक. वाटणीच्या वेळीही हेच झालं. मी म्हटलं, पोरीने आपणहून मोजल्यात, मोजू दे.”

“म्हणजे माझ्या आडून,” सून म्हणाली.

“आडून कसलं? मी तुझ्या बाजूनेच होतो.”

दादांना भावाचा राग यायला हवा होता, पण तो येण्याआधी घड्याळाकडे लक्ष गेलं.

सुनेने फोन हातात घेतला आणि एकामागून एक तिघा व्यापाऱ्यांना विचारलं. शनिवार असल्यामुळे सगळ्यांचा माल बाहेर होता. एकाकडे तांबड्या प्लास्टिकच्या चाळीस खुर्च्या होत्या. सोहळ्याला त्या चालणार नव्हत्या, त्यांना खोळी बसल्या नसत्या आणि अट एकसारख्या खुर्च्यांची होती. पण पलीकडच्या इमारतीत पाठवायला काय हरकत आहे, असं तिने विचारलं. बसायच्याच तर आहेत.

“नाही,” दादा म्हणाले. “राखाडीच जातात.”

“पण का, बाबा?”

दादांनी विचार केला. उत्तर द्यायची त्यांची खरोखर इच्छा होती. पण अण्णांनीही त्यांना कारण सांगितलं नव्हतं. “त्याच जातात,” ते पुन्हा म्हणाले.

काकांनी कपाळाला हात लावला. “बसणाऱ्याला रंग कळतो का? मग निदान तीन वाजता परत आणू. अधिकाऱ्याला मी बोलण्यात गुंतवतो.”

“परत मागायच्या असतील तर पाठवूच नकोस,” आत्या म्हणाल्या. एवढा वेळ दोन्ही बाजू मांडणाऱ्या आत्या इथे मात्र ठाम होत्या.

साडेनऊ झाले. कंत्राटाच्या कागदावर सही सुनेची होती. त्या सहीसाठी तिने नोकरीच्या ठिकाणची माणसं गाठून कागद तयार केले होते, पालिकेत चार फेऱ्या मारल्या होत्या, आणि या घरात आपलं म्हणणं कुणीतरी ऐकतं असं तिला आत्ता कुठे वाटायला लागलं होतं. ते सगळं ती तोलून पाहत होती. दुसरीकडे एकच शब्द होता, तोही तिने दिलेला नव्हता. पण कंपनीच्या गोदामात पहिल्याच दिवशी तिला शिकवलं होतं की माल निघाला असं ग्राहकाला कळवल्यावर तो निघालाच पाहिजे. चूक आपली, भुर्दंड आपला. इथे तर चूक तिने स्वतःच्या हाताने केली होती, साठ पट्ट्या चिकटवून.

“तुम्ही ‘येतील’ म्हणालात ना?” तिने दादांना विचारलं. “मग मी मैदानावर जाते.”

*

मैदानावर चारशे साठ पांढऱ्या खुर्च्या रांगेत उभ्या होत्या. खोळ घातल्यावर सगळ्या सारख्याच. दादांचा मुलगा शेवटची रांग सरळ करत होता. बायकोने काय हवंय ते सांगितल्यावर त्याने आधी तिच्याकडे आणि मग रांगांकडे पाहिलं.

“राखाडी खुर्च्या कुठे लावल्यास?” तिने विचारलं.

“गाडीतून निघाल्या तशा लावल्या. मला वाटलं, बाबांना विचारून झालंय.”

खोळ उचलायची, रंग बघायचा, मरून असली तर खोळ खाली सोडायची आणि पुढे जायचं. दुसरा उपाय नव्हता. नवरा एका टोकाने निघाला, बायको दुसऱ्या टोकाने. पहिल्या तीन रांगांत तिला चार सापडल्या. राखाडी खुर्ची निघाली की खोळ काढून, मिटून बाजूला ठेवायची. रांगा दात पडल्यासारख्या दिसू लागल्या.

वीसेक सापडल्या असतील तेव्हा काकांची स्कूटर आली. त्यांनी थोडा वेळ लांबून पाहिलं. मग जवळ येऊन म्हणाले, कुठल्याही साठ घेऊन जा, एवढी झडती कशाला? ती वाकूनच म्हणाली, “बाबांनी राखाडी सांगितल्यात.”

“त्याला विचारलंस ना का म्हणून? सांगता आलं का?”

“नाही आलं.”

“मग?”

तिने पुढची खोळ उचलली. मरून निघाली.

काका उभेच होते. या माणसाने तीस वर्षं समारंभ सजवले होते, त्यामुळे त्यांना ते दात पडलेलं मैदान बघवेना. शेवटी त्यांनी बाह्या सारल्या आणि मधल्या रांगांत शिरले. पंचवीस मिनिटांत साठही गाडीत चढल्या. मग काका पुतण्याला म्हणाले, मधली वाट चार हात रुंद कर, दोन खुर्च्यांत वीतभर अंतर सोड. चारशे खुर्च्या साडेचारशेसारख्या दिसल्या पाहिजेत. “मोजणाऱ्याला फसवता येत नाही,” ते म्हणाले, “पण बघणाऱ्याला तरी उणं वाटू नये.”

गाडी सुरू करताना सुनेने त्यांना हाक मारून विचारलं, येता का. त्यांनी मान हलवली. बारा वाजता अधिकाऱ्यासमोर कुणीतरी असायला हवं, आणि ते मीच बरा, असं त्यांचं म्हणणं होतं.

*

इमारतीच्या तळाशी गाड्या लावायची जागा मोकळी करून ठेवली होती. दादा आधीच चालत तिथे पोचले होते. लिफ्टवाला गाडीपाशी आला आणि आत वाकून बघून गोंधळला.

“एवढ्या?” तो म्हणाला. “आम्ही सगळे मिळून अकरा जण आहोत. मला पंधरा पुरे होत्या.”

सुनेने दादांकडे पाहिलं. किती हव्यात, हे कुणी विचारलंच नव्हतं. सकाळपासून इतकं भांडण झालं, त्यात एकाच्याही तोंडी तो प्रश्न आला नव्हता. खुर्च्या जातात त्या साठ, हे या घरात जन्मलेल्यांना माहीत होतं आणि तिला नवीन कळलं होतं. पंधरा राखाडी खुर्च्या तर काकांची स्कूटर येण्याआधीच निघाल्या होत्या. उरलेल्या पंचेचाळीस तिथेच राहिल्या असत्या तर आकडा सव्वाचारशेच्या वरच होता. अट पुरी झाली असती, शब्दही राहिला असता.

ती हिशेब करत उभी राहिली तोवर दादांनी खुर्च्या उतरवायला सुरुवात केली होती. एक हाताने उघडायची, दुसरी पायाने रेटायची, असं ते सवयीने मांडत गेले. थेट रस्त्याच्या कडेपर्यंत. पुढच्या रांगेत गेलेल्या माणसाची बायको आणि तिची सासू बसल्या, मागे नातेवाईक. अकरा माणसं आणि एकोणपन्नास रिकाम्या खुर्च्या. सुनेला ते बघवेना. परक्या शहरात आपल्याकडे कुणीच आलं नाही, हे त्या बाईला मोजून दाखवल्यासारखं झालं होतं. ती मागच्या रांगेकडे गेली आणि एक खुर्ची मिटू लागली.

“राहू दे,” दादा म्हणाले.

“बाबा, वाईट दिसतंय ते.”

“राहू दे थोडा वेळ.”

ती बाजूला झाली. अकरा वाजले. रस्त्यावरून बस गेली, दूधवाल्याची गाडी गेली. मग हमरस्ता ओलांडून गल्लीतले घड्याळवाले आले. हातात पिशवी होती, बाजाराला निघालेले दिसत होते. पिशवी पायाशी ठेवून ते मागच्या रांगेत बसले. सुनेने जवळ जाऊन हळूच विचारलं, तुम्ही ओळखत होतात का यांना?

“नाही बुवा,” घड्याळवाले म्हणाले. “कोण गेलं?”

“मग तुम्ही कसे...”

“रस्त्यावरून खुर्च्या दिसल्या,” ते म्हणाले, जणू हे विचारण्यासारखं काही नव्हतंच.

त्यांच्यानंतर इस्त्रीवाली आली, तिच्यासोबत तिची बहीण. मग गल्ली सोडून याच इमारतींच्या नवव्या मजल्यावर राहायला गेलेला शिंपी खाली उतरला. त्याने गॅलरीतून पाहिलं होतं. तो आला म्हणून त्याच्या मजल्यावरचे दोघं आले, त्यांना खुर्च्यांचं काही माहीत नव्हतं. आत्या आल्या, त्यांच्याबरोबर औषधवाला. जो येईल तो बसायचा आणि शेजाऱ्याला हलक्या आवाजात एकच गोष्ट विचारायचा, कोण गेलं. शेजाऱ्यालाही ठाऊक नसायचं. तांबड्या प्लास्टिकच्या खुर्च्या असत्या तर यातलं कुणी थांबलं नसतं. काही तरी समारंभ असेल, म्हणून पुढे गेले असते.

दादा पहिल्या ओळीच्या टोकाला बसले होते. त्यांनी वळून तिच्याकडे पाहिलंही नाही, पण तिला वाटलं, सकाळी त्यांना सांगता येत नव्हतं ते हे.

ती लिफ्टवाल्याकडे गेली आणि मेहुण्यांबद्दल विचारलं. तो सांगत गेला. कारखान्यात बॉयलरवर होते. वय एक्कावन्न. रात्रपाळी करून यायचे आणि सकाळी खालच्या मुलांच्या सायकलींच्या साखळ्या बसवून द्यायचे, न सांगता. बोलायला फारसे नव्हते, भाषेची अडचण. तिने ते ऐकून घेतलं आणि मागे येऊन घड्याळवाल्यांना सांगितलं. त्यांनी इस्त्रीवालीला सांगितलं. तिने पुढे. एकेका खुर्चीवरून मान वळत गेली आणि तो माणूस रांगेरांगेने सगळ्यांना माहीत होत गेला. सायकलींचं पोचलं तेव्हा मधल्या रांगेतून एक बाई म्हणाली, “अरे, ते होय,” आणि डोळ्याला पदर लावला.

सव्वाबाराला फोन वाजला. ती रस्त्यापर्यंत चालत गेली आणि मग घेतला. अधिकारी चिडलेला नव्हता, नुसता घाईत होता. चारशेच भरतात, साठ कुठे आहेत, असं त्याने विचारलं. तुमचे काका म्हणतात वाटेत आहेत.

“वाटेत नाहीत,” सून म्हणाली. “एका घरी माणूस गेलंय. तिकडे दिल्यात.”

तो म्हणाला, वाईट झालं, पण अहवालात आकडा लिहावा लागेल आणि आकड्यावरच पुढचं ठरतं. पाचपर्यंत परत आणता येतील का?

“नाही. लोक बसलेत.”

“किती वेळ बसतील?”

“ते आम्ही विचारत नाही,” ती म्हणाली. आम्ही हा शब्द तिच्या तोंडून सहज गेला. अधिकाऱ्याने ठीक आहे म्हटलं आणि फोन ठेवला. ठीक आहे म्हणजे काय, ते दोघांनाही कळलं होतं.

ती परत आली आणि दादांच्या कानाशी वाकून म्हणाली, “वर्षाचं काम गेलं, बाबा.”

दादांनी मान डोलावली. मग म्हणाले, “बस जरा. सकाळपासून उभी आहेस.”

तिने वळून पाहिलं. पुढची रांग, मधली, रस्त्याकडेची शेवटची. एकही खुर्ची रिकामी नव्हती. दादा उठायला लागले तसा तिने त्यांचा खांदा हलकेच खाली दाबला, आणि मागे जाऊन उशिरा आलेल्या आणखी चौघांच्या शेजारी, खांबाला पाठ लावून उभी राहिली.